ट्युडरकालीन ऐतिहासिक रहस्यकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्युडर काळ म्हणजे नेमका कोणता, आणि त्या काळातील रहस्यकथा म्हणजे काय?

बॉसवर्थच्या रणांगणावर १४८५ साली तिसरा रिचर्ड पडला आणि सातवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर आला. तेव्हापासून १६०३ मध्ये पहिल्या एलिझाबेथचा मृत्यू झाला तोपर्यंतचा काळ ट्युडर घराण्याचा मानला जातो. आठवा हेन्री, त्याचा अल्पवयीन मुलगा सहावा एडवर्ड आणि निष्ठावंत कॅथलिक मुलगी मेरी यांच्या कारकिर्दी या दोन टोकांच्या मध्ये येतात. या काळात घडणारी, परंतु पुष्कळ नंतरच्या लेखकाने लिहिलेली आणि एखाद्या खुनाचा किंवा कटाचा छडा लावण्याभोवती रचलेली कादंबरी म्हणजे ट्युडरकालीन रहस्यकथा. केवळ दरबारातील प्रेमप्रकरणे आणि शिरच्छेद रंगवणारी कादंबरी या प्रकारात बसत नाही. तपास हवा, पुरावा हवा, आणि निष्कर्षापर्यंत नेणारी विचारांची साखळी वाचकासमोर उलगडायला हवी.

त्या काळी पोलीस नव्हते, तर गुन्ह्यांचा तपास कोण करत असे?

लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ साली स्थापन झाले, म्हणजे ट्युडर घराण्याचा अंत होऊन सव्वादोनशे वर्षे उलटल्यावर. परंतु पोलीस नव्हते याचा अर्थ कायदा नव्हता असा नाही. कॉरोनरचे पद ११९४ पासून अस्तित्वात होते. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनरने आसपासच्या माणसांची ज्यूरी बसवायची, प्रेत प्रत्यक्ष पाहायचे, जखमा मोजायच्या, शस्त्राची किंमत ठरवायची आणि हे सारे लेखी नोंदवायचे, अशी रीत होती. मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॉरोनरचे पद होते, त्यामुळे जुन्या मुंबईकर वाचकांना हा शब्द नवा नाही, आणि आपल्याकडे प्रेताचा पंचनामा होतो त्यातही याच पद्धतीचा अंश आहे. गावात कॉन्स्टेबल असे, पण तो वर्षभरासाठी नेमलेला, बिनपगारी आणि आपला मूळ धंदा सांभाळून हे काम करणारा गावकरीच असे. गुन्हा घडताना दिसला तर आरडाओरडा करून पाठलाग करणे ही साऱ्या गावाची जबाबदारी होती. स्थानिक जमीनदारांपैकी काही जण मॅजिस्ट्रेट म्हणून काम पाहत, आणि १५५५ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यातील आरोपीचा व साक्षीदारांचा जबाब लिहून घेणे त्यांच्यावर बंधनकारक केले.

लेखकासाठी ही व्यवस्था फार उपयोगाची आहे. तपास हे कोणाचेच पूर्णवेळ काम नसल्यामुळे वकील, वैद्य, माजी भिक्षू, राणीची सखी, नाटकमंडळीतला माणूस अशा कोणालाही त्यात ओढता येते. मात्र त्याचा अधिकार उसना असतो. एखाद्या बड्या आश्रयदात्याने दिलेल्या पत्राच्या बळावर तो लोकांची दारे ठोठावतो, आणि तो आश्रयदाता पदावरून कोसळला की त्या पत्राची किंमत शून्य होते. १५४० च्या एप्रिलमध्ये आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री टॉमस क्रॉमवेल याला अर्लची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी २८ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला. त्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याच्या नावाने वावरणाऱ्या माणसांची काय अवस्था झाली असेल, या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

पुराव्यावरून तर्क करणे तेव्हाच्या लोकांना खरोखर ठाऊक होते, की लेखक आजच्या डिटेक्टिव्हला जुना पोशाख चढवतात?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्याला सर्वांत ठोस उत्तर म्हणजे रिचर्ड हन याचे प्रकरण. हन हा लंडनचा सुखवस्तू शिंपी-व्यापारी. १५११ साली त्याचे काही आठवड्यांचे मूल वारले, तेव्हा दफनाचे शुल्क म्हणून पाद्र्याने मुलाच्या अंगावरचे वस्त्र मागितले आणि हनने ते द्यायला नकार दिला. त्या नकारातून दावे-प्रतिदावे उभे राहिले, हनने थेट चर्चच्या न्यायालयाच्या अधिकारालाच आव्हान दिले, आणि अखेर १५१४ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली त्याला सेंट पॉल कॅथीड्रलमधील कोठडीत डांबण्यात आले. ४ डिसेंबरच्या सकाळी तो तेथे गळफास लागलेल्या अवस्थेत आढळला. त्याने आत्महत्या केली, असे चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते.

कॉरोनरची ज्यूरी कोठडीत गेली आणि त्यांनी जे टिपले ते वाचून आजही थक्क व्हायला होते. प्रेताचे डोळे आणि तोंड मिटलेले होते, केस विंचरलेले होते, डोक्यावर टोपी नीट बसवलेली होती. गळफासाने तडफडून मेलेला माणूस असा दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले. ज्या स्टुलावर चढून त्याने फास लावून घेतला असे सांगितले जात होते, ते बिछान्यावरच्या लोडावर ठेवलेले होते आणि इतके डळमळीत होते की त्यावर कोणी उभाच राहू शकला नसता. मेणबत्ती प्रेतापासून कित्येक फुटांवर होती आणि ती व्यवस्थित विझवलेली होती. मग मरायला निघालेल्या माणसाने ती विझवून अंधारात इतके अंतर कापून फास कसा लावला? अंगरख्यावर रक्ताचे मोजके थेंब होते, पण कोठडीच्या एका कोपऱ्यात रक्ताचे थारोळे होते. मनगटांवर बांधल्याच्या खुणा होत्या. हनला आधी ठार करून नंतर टांगण्यात आले, असा निष्कर्ष ज्यूरीने काढला आणि लंडनच्या बिशपचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य न्यायाधिकारी, विल्यम हॉर्सी याच्यासह तिघांची नावे घेतली.

यात अलौकिक काही नाही, दैवी संकेत नाही. शेजारपाजारच्या व्यापारी-कारागिरांनी वस्तू पाहून, अंतरे पाहून केलेला हा विचार आहे. पुढे काय झाले हेही तितकेच महत्त्वाचे. लंडनची ज्यूरी कोणत्याही धर्माधिकाऱ्याला, तो कितीही निर्दोष असला तरी, दोषीच ठरवील, अशी तक्रार बिशपने राजाचा बलाढ्य मंत्री वूल्सी याच्याकडे केली. हनच्या प्रेतावर पाखंडाचा खटला चालवून ते जाळण्यात आले. आणि राजाच्या आज्ञेने हॉर्सीवरचा खटला पुढे चालवला गेला नाही. सत्य शोधले गेले, लिहिले गेले आणि तरीही सत्तेने ते बाजूला सारले.

मग याच काळाचे एवढे आकर्षण का?

माझ्या मते याचे उत्तर वरच्या प्रकरणातच आहे, आणि भरजरी पोशाख किंवा सहा राण्या हे त्याचे खरे कारण नाही. रहस्यकथेचा पाया असा की घडलेली गोष्ट एकच असते आणि धीराने शोधली तर ती सापडते. ट्युडर राज्यव्यवस्था नेमका याच्या उलट दावा करत होती. सत्य काय हे राजा ठरवणार, आणि राजा बदलला की सत्यही बदलणार. १५३४ मध्ये इंग्लंडने पोपची सत्ता झुगारली. १५४९ मध्ये चर्चमधील उपासना इंग्रजीत आली, १५५३ नंतर मेरीच्या राज्यात ती पुन्हा लॅटिनमध्ये गेली आणि सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. १५५९ मध्ये उपासना परत इंग्रजीत आली. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडात पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. साधारण साठ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या माणसाला आपली श्रद्धा, निदान तोंडदेखली, चार वेळा बदलावी लागली असेल.

अशा समाजात प्रत्येकाकडे लपवण्यासारखे काहीतरी असते. आधुनिक शहरात घडणाऱ्या रहस्यकथेत साक्षीदार खोटे बोलतो तो बहुधा पैशासाठी, अब्रूसाठी किंवा खून झाकण्यासाठी. येथे मात्र खुनाशी काडीचाही संबंध नसलेला माणूसही खोटे बोलतो, कारण त्याच्या पेटीत जपमाळ आहे, फळीखाली बंदी घातलेले पुस्तक आहे किंवा भिंतीआडच्या पोकळीत एक धर्मगुरू श्वास रोखून बसला आहे. अशा लपण्याच्या जागा वुस्टरशायरमधील हार्विंग्टन हॉलसारख्या वाड्यांत आजही पाहायला मिळतात. तपास करणाऱ्याला शंभर असत्यांमधून खुन्याचे एक असत्य निवडून काढायचे असते, आणि हे करताना बाकीची नव्व्याण्णव उघडी पडली तर निरपराध माणसे मरणार असतात. त्यामुळे त्याच्यापुढे केवळ बुद्धीचा नव्हे तर सदसद्विवेकाचा प्रश्न पावलोपावली उभा राहतो. इतर कोणत्याही कालखंडातील रहस्यकथेत हा ताण मला इतक्या तीव्रतेने जाणवलेला नाही.

त्यातच १५३४ च्या राजद्रोहाच्या कायद्याने केवळ बोललेले शब्दही गुन्हा ठरवले. राजाला पाखंडी किंवा जुलमी म्हणणे मृत्युदंडास पुरेसे होते. राजाचे माजी मंत्री सर टॉमस मोर यांच्यावरील खटल्यात सरकारी वकील रिचर्ड रिच याने तुरुंगातील एका संभाषणाची साक्ष दिली आणि तीच निर्णायक ठरली. ते बोलणे तसे झालेच नव्हते, असे मोर शेवटपर्यंत सांगत राहिले. अशा वातावरणात प्रश्न विचारणे हेच धाडस ठरते. साधी चौकशी करणारा माणूससुद्धा, आपला प्रश्न उद्या कोणाच्या तोंडून कसा सांगितला जाईल, याचा विचार करूनच तोंड उघडतो.

इतक्या कथा मठांमध्ये का घडतात?

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड आणि वेल्समधील आठशेहून अधिक मठ बंद केले. प्रथम वार्षिक उत्पन्न दोनशे पौंडांपेक्षा कमी असलेल्यांवर पाळी आली, मग मोठ्यांवर. चौकशीसाठी राजाचे आयुक्त येत, हिशेब तपासत, भिक्षूंना एकेकटे बोलावून प्रश्न विचारत. म्हणजे चौकशीची पूर्ण यंत्रणा इतिहासानेच कादंबरीकाराच्या हाती ठेवली आहे. मठाला तट असतो, द्वारपाल असतो, प्रार्थनेच्या ठरावीक वेळा असतात आणि प्रत्येक वेळी कोण हजर होते हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे कोण केव्हा कुठे होता याचा हिशेब मांडता येतो. आणि मठ जाणार हे निश्चित असल्याने प्रत्येक भिक्षूच्या मनात उद्याची धास्ती असते. कोणाला निवृत्तिवेतन मिळेल, छपराचे शिसे कोण वितळवून नेईल, ग्रंथालयाचे काय होईल, हे प्रश्न खुनाइतकेच अस्वस्थ करतात.

राजे-राण्यांचे काय झाले हे सर्वांना माहीत असते, मग उत्कंठा कशी टिकते?

उत्कंठा राजाच्या नशिबाची नसतेच, ती त्याच्या सावलीत जगणाऱ्या काल्पनिक माणसांची असते. उलट माहीत असलेला शेवट येथे धार आणतो. कथेत १५४१ साल चालू आहे आणि तरुण राणी कॅथरीन हॉवर्ड हसत घोड्यावरून जाते आहे, तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद होणार हे पात्रांना ठाऊक नसते, आपल्याला असते.

त्या काळातील खरीच न उलगडलेली प्रकरणे आहेत का?

आहेत, आणि त्यातील दोन तरी प्रत्येक वाचकाने जाणून घ्यावीत अशी आहेत.

पहिले प्रकरण एमी रॉब्सार्टचे. तिचा नवरा रॉबर्ट डडली हा राणी एलिझाबेथचा अत्यंत लाडका सरदार होता आणि त्याची बायको मेली तर राणी त्याच्याशी लग्न करील, अशी कुजबुज दरबारात चालू होती. ८ सप्टेंबर १५६० या रविवारी एमीने घरातील नोकरांना ॲबिंग्डनच्या जत्रेला जाण्याचा आग्रह केला, आणि ती माणसे परतली तेव्हा ती ऑक्सफर्डजवळच्या कमनर प्लेस या घरात जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून पडलेली होती. ज्यूरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. कॉरोनरचा मूळ अहवाल हरवला असे शतकानुशतके समजले जात होते. तो २००८ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला, आणि त्यात डोक्यावर दोन जखमा नोंदलेल्या आढळल्या : एक पाव इंच खोल, दुसरी दोन इंच. जिन्यावरून पडताना अशा जखमा होऊ शकतात, कोणी मारल्यानेही होऊ शकतात. कागद सापडला, पण कोडे सुटण्याऐवजी अधिक घट्ट झाले. डडलीला या मृत्यूचा लाभ मुळीच झाला नाही. संशय इतका पसरला की राणीशी लग्न कायमचे अशक्य झाले, आणि म्हणूनच हे प्रकरण खून मानले तर त्यामागे डडलीचे शत्रू असतील का, हाही प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे.

दुसरे प्रकरण नाटककार क्रिस्टोफर मार्लोचे. ३० मे १५९३ रोजी डेटफर्ड येथे एलेनॉर बुल हिच्या घरी चार माणसे दिवसभर एकत्र होती. संध्याकाळी बिलावरून भांडण झाले आणि इंग्रम फ्रायझरने मार्लोच्या उजव्या डोळ्यावर खंजीर खुपसला, तोही स्वसंरक्षणार्थ, असे कॉरोनर विल्यम डॅन्बीच्या अहवालात लिहिले आहे. हा अहवाल १९२५ मध्ये उजेडात आला. जखमेची खोली दोन इंच आणि खंजिराची किंमत बारा पेन्स, असे सारे त्यात आहे. परंतु उरलेल्या दोघांपैकी रॉबर्ट पोली हा सरकारी हेर होता, आणि मार्लो स्वतः त्या वेळी नास्तिकतेच्या आरोपांमुळे प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाच्या, चौकशीला सामोरा जात होता, हे लक्षात घेतले की बिलाचे भांडण अपुरे वाटू लागते.

हेरकथा आणि रहस्यकथा या काळात एकमेकींत का मिसळतात?

कारण तपास करण्याचे खरे कसब एलिझाबेथच्या काळात हेरांकडेच होते. राणीचा सचिव सर फ्रान्सिस वॉल्सिंगम याने १५८६ मध्ये स्कॉटलंडच्या कैदी राणी मेरीचा पत्रव्यवहार बिअरच्या पिंपांतून चालू राहू दिला आणि प्रत्येक पत्र वाटेत फोडून वाचले. टॉमस फेलिप्स सांकेतिक लिपी उलगडत असे आणि आर्थर ग्रेगरी मोहोर न कळता उघडून पुन्हा बसवत असे. एलिझाबेथच्या खुनाच्या कटाला मेरीने संमती दिल्याचे पत्र फेलिप्सच्या हाती आले तेव्हा त्याने आपल्या प्रतीवर फासाचे चित्र काढले. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. या प्रकरणातील अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की पत्रे नेण्याचा मार्गच मुळी वॉल्सिंगमच्या माणसांनी तयार केला होता. गुन्हा शोधणे आणि गुन्हा घडू देणे यांतील रेषा येथे पुसट होते.

या कादंबऱ्यांत क्रौर्य फार असते का?

असते, आणि ते बहुतांशी इतिहासातलेच असते. १५३१ मध्ये बिशप फिशरच्या घरच्या लापशीत विष कालवल्याच्या आरोपावरून रिचर्ड रूज या आचाऱ्याला, त्यासाठी खास कायदा करून, उकळत्या पाण्यात मारण्यात आले. १५८६ मध्ये यॉर्कच्या मार्गारेट क्लिथरोने आरोपाचे उत्तर द्यायला नकार दिला, म्हणून तिला वजनाखाली चिरडण्यात आले. चांगला लेखक असे प्रसंग चवीने सांगत नाही. ते पाहणाऱ्याच्या मनावर काय उमटते ते सांगतो. ज्यांना अशी वर्णने सोसत नाहीत, त्यांनी एलिझाबेथच्या दरबारातील किंवा नाटकमंडळ्यांतील कथांपासून सुरुवात करावी, त्या तुलनेने सौम्य असतात.

स्त्री डिटेक्टिव्ह त्या काळात पटते का?

विधवा असेल तर सहज पटते. विवाहित स्त्रीची मालमत्ता आणि कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होत असे, पण विधवेला स्वतःचा व्यवहार करता येई, दुकान चालवता येई, दावा लावता येई. याशिवाय स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि राणीचे अंतःपुर येथे पुरुष तपासनीसाला प्रवेशच नव्हता.

या कादंबऱ्यांतील इतिहासावर कितपत विश्वास ठेवावा?

वस्तूंच्या बाबतीत बराच, मनांच्या बाबतीत जपून. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे तारू १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले गेले आणि त्यातून हजारो वस्तू मिळाल्या : कंगवे, जपमाळा, शस्त्रवैद्याची औषधपेटी. क्रॉमवेलच्या १५३८ च्या आज्ञेने सुरू झालेल्या चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदवह्या, खटल्यांची कागदपत्रे आणि सरकारी पत्रव्यवहार विपुल आहे. त्यामुळे माणसे काय खात, काय नेसत, नदी कशी ओलांडत हे लेखकाला नेमके सांगता येते. चूक होते ती नायकाला आजचा उदारमतवादी बनवण्यात. देवाशिवाय जगाची कल्पना करणारा माणूस तेव्हा अत्यंत दुर्मीळ होता. नायक धार्मिक हिंसेचा तिरस्कार करील, पण आपल्या आत्म्याचे काय होणार ही चिंता त्याला रात्री जागवायला हवी. ती चिंता पानांवर दिसली नाही तर मला ती कादंबरी अर्धवट वाटते. लेखकाचे टिपण शेवटी असते. कोठे कल्पनेने भर घातली ते त्यात सांगितलेले असते आणि ते चुकवू नये.

मराठी वाचकाचा या जगाशी काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आपल्या भाषेशी आहे. 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे विल्टशायरचे, ट्युडर इंग्लंडात वाढलेले कॅथलिक. त्यांचा सोबती टॉमस पाऊंड इंग्लंडात पकडला गेला आणि त्याने कित्येक वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स रोमला निसटले, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. १५८३ मध्ये व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज साथीदार हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी याच स्टीफन्सनी मदत केली. मायदेशी परतते तर ज्यांना राजद्रोही म्हणून फासावर जावे लागले असते, त्यांनी येथे आपल्या देशबांधवांसाठी रदबदली केली आणि पुढे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ११,००० ओव्या मराठीत लिहिल्या. या काळातील कादंबरीत लपून बसलेला धर्मगुरू भेटला की आपल्या साहित्याच्या इतिहासातील एक माणूस त्याच भीतीतून बाहेर पडला होता, हे मराठी वाचकाने जरूर आठवावे.

सुरुवात कोठून करावी?

सी. जे. सॅन्सम यांच्या मॅथ्यू शार्डलेक या कुबड असलेल्या वकिलाच्या मालिकेपासून. सॅन्सम इतिहासाचे डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक होते आणि त्यांनी वकिलीही केली होती, त्यामुळे न्यायालये आणि दस्तऐवज यांचे चित्रण पक्के आहे. २००३ मधील 'डिसोल्यूशन' ही पहिली कादंबरी १५३७ सालातील एका मठात घडते आणि २०१८ मधील 'टूमलँड' ही सातवी १५४९ च्या नॉर्फोकमधील शेतकरी बंडापर्यंत जाते. मालिका क्रमानेच वाचावी. शार्डलेक सुरुवातीला सुधारणावादाचा, म्हणजे पोपविरोधी धर्मसुधारणेचा, कट्टर समर्थक असतो आणि त्याची ती निष्ठा पुस्तकागणिक कशी झिजत जाते, हे मधूनच सुरुवात करणाऱ्याला कळत नाही.

एलिझाबेथचा काळ अधिक आवडत असेल तर एस. जे. पॅरिस यांची २०१० मधील 'हेरसी' घ्यावी. तिचा नायक म्हणजे प्रत्यक्षात १५८३ मध्ये इंग्लंडात आलेला इटालियन तत्त्वज्ञ जॉर्दानो ब्रुनो. आणि ज्यांना कादंबरीपेक्षा पुराव्यांची उलटतपासणी अधिक प्रिय आहे, त्यांनी जोसेफिन टे यांची १९५१ मधील 'द डॉटर ऑफ टाइम' वाचावी. तीत रुग्णालयात पडून असलेला आधुनिक पोलीस अधिकारी, तिसऱ्या रिचर्डने खरोखर आपल्या पुतण्यांना मारले का, याचा तपास पुस्तकांच्या आधारे करतो, आणि ट्युडरांनी लिहवून घेतलेल्या इतिहासालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो.